मोनालीच्या वहीतले ठिपके

राळेगाव तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी अकरा वर्षं नर्स होते. नाव जया, पण गावात मला त्या नावानं कुणी हाक मारली नाही. लहानथोर सगळे सिस्टरच म्हणायचे. त्या अकरा वर्षांत मी किती बाळंतपणं केली, किती लसी टोचल्या, ते रजिस्टरांत लिहिलेलं आहे. मोनालीची गोष्ट कुठल्याच रजिस्टरात पूर्ण नाही, म्हणून सांगते.

ती पहिल्यांदा आली तेव्हा कडेवर दीड वर्षाची सोनू होती. पोरीच्या हातापायांचे पंजे सुजून टम्म झाले होते, रडून रडून आवाज बसला होता. मी सोनूचं रक्त तपासायला पाठवलं, मग मोनालीचं आणि तिच्या नवऱ्याचं, कपिलचं. सोनूला सिकलसेल निघाला. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात आणि हाडं फुटल्यासारखी दुखतात. आईबाप दोघंही वाहक होते. त्यांच्या अंगात हा आजार अर्धाच होता, त्यामुळं त्यांना स्वतःला कधी काही जाणवलं नव्हतं.

"पुढच्या प्रत्येक वेळी चारात एक शक्यता," मी त्यांना सांगितलं. "दिवस राहिले की अडीच-तीन महिन्यांत नागपूरला तपासणी करता येते. पण लवकर यायचं. उशीर नाही करायचा."

दोघांनी माना हलवल्या. हे मी सांगत होते तेव्हाच मोनालीच्या पोटात दुसरं बाळ होतं आणि ते आम्हा तिघांनाही माहीत नव्हतं. सोनू अंगावर पीत होती, पाळी परत आलीच नव्हती, त्यामुळं चुकल्याचं कळणार कसं? पोटात हालचाल झाली तेव्हा ती माझ्याकडं आली. सहावा महिना लागलेला. तपासणीची वेळ केव्हाच निघून गेली होती.

मुलगा झाला. नाव ठेवलं आयुष. त्यालाही तोच आजार. चौदा महिन्यांचा असताना एका सकाळी ताप आला, दुपारी पोट फुगलं आणि यवतमाळला नेताना वाटेतच तो गेला.

त्यानंतर मोनालीनं मला स्वतःहून विचारलं, "सिस्टर, ते तीन महिन्याचं इंजेक्शन देता का?" चार वर्षं तिनं एकही तारीख चुकवली नाही. पाळी बंद झाली, वजन वाढलं, मधूनच डाग पडायचे, पण ती तक्रार करत नसे. सोनूला दर हिवाळ्यात दोन-तीनदा दुखणं उसळायचं. शाळा बुडायची. रोजच्या गोळ्या, तालुक्याच्या खेपा. त्यातच तिचे दिवस जात होते.

मग एका मे महिन्यात ती आली आणि हात पुढं न करता खुर्चीत बसली.

"या टायमाले नाही घेत."

मी विचारलं, "सासूबाई म्हणतात म्हणून?"

"त्या तं म्हणतातच. पण मलेच पाहिजे, सिस्टर. घरात एक तरी लेकरू असं पाहिजे का ज्याच्याकडे पाहून भेव नाही वाटलं पाहिजे."

चार वर्षं सलग घेतल्यावर इंजेक्शन थांबवलेलं बरं, हे मलाही माहीत होतं. अडचण दुसरीच होती. इंजेक्शन सोडल्यावर शरीर रुळावर यायला सहा महिने लागतात, कधी वर्षही. त्या काळात पाळी येईलच असं नाही आणि पाळी यायच्या आधीच दिवसही राहू शकतात. म्हणजे आयुषच्या वेळी झालं तेच पुन्हा होऊ शकत होतं.

मोनालीही हाच विचार करून आली होती. "मले कळलं पाहिजे," ती म्हणाली. "पाळी नसली तरी कळलं पाहिजे. तसं काही हाये का?"

होतं. कधीकाळी एका प्रशिक्षणात अर्धा तास शिकवलं होतं आणि नंतर मला कुणीच विचारलं नव्हतं. मी जुनं पुस्तक काढलं, दोन संध्याकाळी वाचलं. खरं सांगायचं तर मी तिच्या एक पाऊल पुढं राहून तिच्याबरोबरच शिकले.

सकाळी डोळा उघडला की उठायच्या आधी, बोलायच्या आधी, पाणी प्यायच्या आधी जिभेखाली थर्मामीटर धरायचा. आकडा लिहायचा. बीज बाहेर पडलं की दुसऱ्या दिवसापासून अंग जरा गरम राहतं, जेमतेम अर्धा अंश; हाताला कळत नाही, थर्मामीटरलाच कळतं. पाळी येईपर्यंत ते तसंच राहतं. पाळी न येता अठरा दिवस उतरलं नाही, तर दिवस राहिले समजायचं. आणि दिवसभरात अंगावरून काय जातं ते पाहायचं. कोरडं, चिकट, ओलं, आणि ऐन दिवसांत अंड्याच्या पांढऱ्यासारखं, दोन बोटांत धरलं तर तार सुटणारं.

हे शेवटचं सांगताना तिनं पदर तोंडाला लावला. "बाप्पा! हे कोण पाहते?"

"तू पाहायचं," मी म्हटलं.

सोनूची गणिताची चौकटीची वही तिनं घेतली. कपिल बारावीपर्यंत शिकलेला, हात नीट. त्यानं पट्टीनं रेघा मारल्या, बाजूला खालपासून वरपर्यंत आकडे लिहिले, खाली तारखा. मोनाली आकडा सांगायची, तो लाल पेननं ठिपका द्यायचा आणि कालच्या ठिपक्याला जोडायचा. को, चि, ओ, ता अशी अक्षरं मोनाली स्वतः खाली लिहायची. त्यातलं 'ता' म्हणजे काय हे कपिलनं बरेच दिवस विचारलं नाही. विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, आणि तो हसला नाही. हे मला मोनालीनं मुद्दाम सांगितलं होतं.

त्रास झाला तो भागीरथाबाईंचा, तिच्या सासूचा. त्या साडेचारला उठायच्या आणि उठल्या उठल्या सुनेला हाक मारायच्या. सून तोंडात कांडी धरून पडलेली, हूं नाही की चूं नाही. "मुकी झाली काय वो? का कोण्या बाबानं दिलं हे?" पंधरा दिवस त्यांनी शेजारीपाजारी सांगितलं की सून सकाळी सकाळी काहीतरी चघळते. शेवटी कपिलनंच आईला गप्प केलं. "दवाखान्याचं हाये ते. तू नको मंधात पडू."

जून, जुलै, ऑगस्ट. मोनाली दर पंधरा दिवसांनी वही घेऊन यायची. ठिपके उंदरानं कुरतडल्यासारखे, वर-खाली, वर-खाली, कुठं पायरी नाहीच. सोनूला बरं नसलं की मोनालीला झोप नसायची, मग दुसऱ्या दिवशी आकडा उडी मारायचा आणि तिला वाटायचं, आलं! मी त्या ठिपक्याभोवती गोल करायला शिकवलं. जागरणाचा दिवस धरायचा नाही. एका महिन्यात तिच्या वहीत गोलच जास्त होते.

"माझ्यात बीजच उरलं नसन काय, सिस्टर?" असं तिनं एकदा शेतातल्या निंदणावरून थेट येऊन विचारलं. पायाचा चिखलही धुतला नव्हता.

"थांब," एवढंच मी म्हणू शकले.

ऑक्टोबरात पायरी दिसली. सहा दिवस सत्त्याण्णव पॉइंट तीन-चारच्या आसपास, मग एका सकाळी सत्त्याण्णव पॉइंट नऊ, आणि तिथून पुढं बारा दिवस खाली आलं नाही. तेराव्या दिवशी पाळी आली. साडेचार वर्षांनंतर आलेली ती खरी पाळी. मोनालीनं वही माझ्या टेबलावर अशी ठेवली की जणू दहावीचा निकाल आहे. मलाही आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू.

जानेवारीत अठरा दिवस आकडा उतरला नाही. एकोणिसाव्या दिवशी सकाळी ती आणि कपिल मोटरसायकलवर आले. मी पट्टी लावली, दोन रेघा उमटल्या. तारीख आम्हाला अंदाजानं काढावी लागली नाही, वहीत होती. मी नागपूरला फोन करून मार्चच्या मध्यावरचा दिवस घेतला. आयुषच्या वेळी जे हुकलं होतं ते या वेळी हुकणार नव्हतं, एवढं तरी आमच्या हातून झालं.

मी रजा टाकून त्यांच्याबरोबर गेले. पोटातून सुई घालून वारेचा छोटासा तुकडा काढतात. मोनाली छताकडं पाहत पडली होती. माझा हात तिनं धरला नाही, टेबलाची कड धरली होती. बाहेर कपिल उभाच होता, तासभर. बसायला जागा असूनही तो बसला नाही.

दहा दिवसांनी अहवाल घ्यायला आम्ही तिघं पुन्हा नागपूरला गेलो. बाळाला सिकलसेल होता. वाहक नव्हे, पूर्ण आजार. सोनूसारखा, आयुषसारखा.

तिथल्या समुपदेशक बाईंनी सगळं शांतपणे सांगितलं. ठेवता येईल, उपचार पूर्वीपेक्षा चांगले आहेत. नको असेल तर कायद्यानं परवानगी आहे. निर्णय तुमचा. कपिल मोनालीकडं पाहत होता. मोनाली म्हणाली, "मी आयुषले मांडीवर घेऊन गेलती. तो कसा थंड होत गेला ते मले ठाऊक हाये. नाही ठेवत."

घरी भागीरथाबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं आणि एकच विचारलं, "अन् सोनू जगून नाही राह्यली काय?"

या बाईंवर मी पूर्वी पुष्कळ चिडले होते. त्या दिवशी चिडता आलं नाही.

चौथा महिना लागता लागता ते झालं. गावात भागीरथाबाईंनी सांगितलं की आपोआप पडलं. मोनाली तिसऱ्या दिवसापासून सैपाकाला लागली.

ती मोडली ती दुसऱ्याच गोष्टीनं. आठवड्याभरानं ती दुपारी अंगणात सोनूची वेणी घालत होती. सोनू आठ वर्षांची झालेली, आजीचं बोलणं तिनं ऐकलं होतं. तिनं मान न वळवता विचारलं, "आई, मी पोटात होती तवा हा तपास नव्हता काय?"

"नव्हता आपल्याले माहीत."

"माहीत असता तं?"

मोनालीच्या हातात तीन पेड होते. तिनं मला सांगितलं की तिनं वेणी शेवटपर्यंत घातली, रिबीन बांधली, आणि मग म्हणाली, "तरी केला नसता. तू पाहिजेच होती मले." सोनू उठून खेळायला गेली. ते बोलणं खरं होतं की खोटं, हे मोनालीला तेव्हाही ठाऊक नव्हतं आणि नंतरही कधी कळलं नाही. "तिनं इस्वास ठेवला का नाही, तेही नाही समजलं," ती म्हणाली. त्या दिवशी ती माझ्यासमोर पहिल्यांदा रडली.

आता लेकरू नको, असं तिनं कपिलला मार्चमध्येच सांगितलं होतं. जूनमध्ये त्यानं वहीवर नव्या रेघा मारल्या.

तो वाईट माणूस नव्हता. बायकोवर हात उचलणारा नव्हता, पिणारा नव्हता. पण त्याच्या डोक्यात एक हिशेब बसला होता. "चारात एक म्हणलं ना, सिस्टर? मंग तीन चांगले असतात. आपले वाईट तं होऊन गेले. आता चांगलाच येईन." मी त्याला पुन्हा पुन्हा सांगितलं की प्रत्येक वेळी पाटी कोरी होते, मागच्याचा पुढच्याशी संबंध नाही. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "हो, पण एकडाव पाहू."

मोनालीनं भांडण केलं नाही. सकाळी थर्मामीटर तोंडात धरत राहिली, आकडा सांगत राहिली. कपिल ठिपके जोडत राहिला. आणि ज्या विद्येसाठी तिनं सासूची बोलणी खाल्ली, तीच ती उलटी वापरायला लागली. तार सुटायची त्या दिवशी ती वहीत 'को' लिहायची. दिवस निघून गेल्यावर 'ता' लिहायची. कपिल वही पाहून विचारायचा, "आज?" ती हो म्हणायची. खऱ्या दिवसांत तिचं डोकं दुखायचं, उपास असायचा, सोनूजवळ निजायचं असायचं.

पोळ्याच्या सुमारास थर्मामीटरचा सेल संपला. तिनं बदलला नाही. बंद कांडी तोंडात धरायची, मिनिटभर थांबायची आणि मनानं आकडा सांगायची. वर्षभर लिहून तिला इतका सराव झाला होता की खोटी पायरीही ती हुबेहूब रचायची. मला तिनं तेव्हा यातलं काही सांगितलं नव्हतं. वही दाखवायला येणं बंद झालं होतं. मी समजले, कंटाळली असेल.

डिसेंबरातल्या एका गारठ्याच्या सकाळी सोनू उठलीच पाय धरून. मांड्या दुखत होत्या, अंग तापलेलं. मोनाली पाणी गरम करत होती. कपिलनं ताप पाहायला उशाचा थर्मामीटर घेतला, बटण दाबलं. काहीच उमटलं नाही. पुन्हा दाबलं. मग त्यानं वही उघडली. त्या दिवसाचा आकडा लिहिलेला होता, सत्त्याण्णव पॉइंट चार. ठिपका त्यानंच तासाभरापूर्वी दिला होता.

पोरगी कण्हत होती. गाडी करून तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, तिथून यवतमाळला. रक्त चढवलं, सलाईन, ऑक्सिजन. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, तेव्हा वॉर्डाबाहेरच्या बाकावर त्यानं विचारलं, "ते मशीन कवापासून बंद हाये?"

"पोळ्यापासून."

"अन् वहीत?"

"मनानं."

"मी रोज सकायी ते ठिपके जोडत होतो, मोनाली. पेन संपला तं नवा आणला. मले सांगाले काय झालतं तुले?"

"सांगतलं होतं. मार्चमंदीच सांगतलं होतं. तुमी आयकलं नाही."

"मंग भांडली काहून नाही?"

"भांडून तुमी आयकलं असतं काय?"

तो उठून गेला. संध्याकाळी परत आला तो डबा घेऊन, सोनूसाठी केळी घेऊन. मोनालीसाठीही पोळीभाजी होती. तिच्याशी मात्र बोलला नाही. सहा दिवसांनी सोनूला घरी आणलं. त्या दिवसापासून कपिलची खाट बाहेरच्या खोलीत गेली.

मी मध्ये पडून पाहिलं. फेब्रुवारीत तो लसीकरणाच्या टेबलाशी काही कागद घ्यायला आला होता. मी म्हटलं, "कपिल, ती घाबरली होती." तो म्हणाला, "मी नव्हतो घाबरलो काय, सिस्टर? आयुषले खाली ठेवलं ते याच हातानं. घाबरलो होतो म्हणूनच दुसरं पाहिजे होतं." जरा थांबून म्हणाला, "लेकरू नाही म्हणली असती, चाललं असतं. तिनं मले वेडं बनवलं. रोज." एवढं बोलून तो गेला. मला त्याचंही पटलं आणि तिचंही.

मीच तर तिला शिकवलं होतं. तिला दिवस कळावेत म्हणून शिकवलं होतं आणि ते तिला कळले. पुढं काय होईल हे पुस्तकात नव्हतं, असं म्हणून मी सुटू शकते. रात्री मात्र सुटत नाही.

मोनालीला मी तांबीबद्दल विचारलं, इंजेक्शन पुन्हा सुरू करायचं का तेही. ती म्हणाली, "आता कायले पाहिजे?" मी आग्रह केला नाही.

पुढच्या वर्षी माझी बदली पुसदकडं झाली. निघायच्या आधी मी त्यांच्या वावरात गेले होते. वेचणी चालू होती. मोनाली कमरेला ओटी बांधून कापूस वेचत होती. कपिल पलीकडच्या तासात, कापसाच्या ओळीत होता, पाठमोरा. सोनू बांधावर स्वेटर घालून बसली होती, मांडीवर पुस्तक. आता पाचवीत. डॉक्टरांनी नवीन गोळी सुरू केल्यापासून दुखणं कमी उसळत होतं, त्या वर्षी एकदाच दवाखाना झाला होता.

मोनाली ओटी मोकळी करून माझ्याजवळ आली. थोडं इकडचं तिकडचं झालं. मग सोनूकडं पाहत तिनं विचारलं, "सिस्टर, इचं लगन करतानी पोराचं रक्त तपासाच लागन ना?"

"हो. त्याच्यात काही नसलं तर हिच्या लेकरांना आजार होणार नाही. वाहक होतील फक्त."

"पोराकडचे तयार होतीन?"

"विचारायचं. नाही म्हणाले तर सोडून द्यायचं ते घर."

ती बोंडाचा एक काटेरी तुकडा ओटीतून काढत होती. "आमचं ठरलं तवा पत्रिका पाह्यली होती," ती म्हणाली. "गुरुजी म्हणे छत्तीसातले एकोणतीस गुण जुळतात, असा जोडा कमी सापडते. भल्ले खूश होते सगळे."

पलीकडून कपिलनं हाक मारली. तिला नव्हे, सोनूला. ऊन उतरतं आहे, घरी जा म्हणून. सोनूनं पुस्तक मिटलं आणि बांधावरून हळूहळू, एक पाय जपून टाकत, रस्त्याकडं निघाली. मोनाली ती दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिली, मग ओटी आवळून पुन्हा तासाला लागली. मला साडेपाचची बस धरायची होती.